मागची सीट

धुळ्याच्या शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या.
एकीचं डोकं लहान, पाठ लांब.
दुसरीचं डोकं मोठं, पाठ आखूड.
टाय लावलेला पोरगा म्हणाला, ताई, माल किती असतो?
मी सांगितलं : चार खापरं, तीन पराती,
पुरणाचं पातेलं (दोघींनी उचलायचं),
गूळ, गव्हाचा मैदा, बाभळीची लाकडं.
मग सिंगल कॅबच घ्या, तो म्हणाला, नऊ फुटांचा हौदा.
माणसं किती, हे त्यानं विचारलं नाही.
मीही लगेच सांगितलं नाही.

अठरा वर्षं भाड्याचा टेम्पो.
अमळनेरहून बेटावद, शिरूड, पारोळा,
जिथे हळद लागेल तिथे आमचे मांडे.
पुढे लोटन आणि मी, पायाशी इंजिनाची ऊब.
मागे हौद्यात चौघी, वर ताडपत्री,
प्रत्येकीच्या मांडीवर एक खापर, पालथं,
आणि त्यावर दोन्ही हात.
पौषातल्या एका रात्री, दोन वाजले असतील,
मी मधल्या काचेतून वळून पाहिलं.
चार पदर दिसले. तोंड एकीचंही नाही.
पारोळ्याच्या नाक्यावर गतिरोधकानं एक खापर खाल्लं
तेव्हा सुपडाबाई म्हणाली,
फुटी गयं ते गयं, मन्ही कंबर ते र्‍हायनी ना.
सगळ्या हसल्या. मीही. काचेच्या अलीकडून.

भावेशनं मोबाईलवर हिशेब मांडला :
डबल कॅबचा हौदा साडेचार फूट,
आई, लाकडं बसत नाहीत.
दुसरी फेरी. डिझेल. वर्षाला एवढे.
आकडा खरा होता, मी नाही म्हटलं नाही.
रात्रभर ते साडेचार फूट डोक्यात.
पहाटे चूल पेटवताना सुचलं,
लाकडं लग्नघरानं द्यावीत.
एवढं एक वाक्य.
अठरा वर्षांत कुणालाच बोलले नव्हते.

दुसऱ्या खेपेला सुपडाबाईला बरोबर नेलं.
ती आली पोत्यात खापर गुंडाळून.
पोरानं मागचं दार उघडलं,
तिनं चपला काढून फरशीवर नीट ठेवल्या
आणि आत चढली. सीटवर अजून प्लास्टिक, करकरलं.
मांडीवर खापर घेतलं,
खापराच्या कडेपासून पुढच्या सीटपर्यंत वीत टेकवली.
एक वीत, चार बोटं.
बठाई जास, म्हणाली,
आणि उतरेच ना.
पोरगा म्हणाला, आजी, इथं तिघंच बसतात कागदावर.
ती म्हणाली, कागद कोठे बठस?

घेतली. पांढरी. हप्ता माझ्या नावावर.

पहिलं लग्न नेरला.
खापरं हौद्यात, गव्हाच्या भुसात पुरलेली,
चौघी आत, कोपराला कोपर.
जाताना कासूबाईला उलटी झाली,
दारं बंद म्हणून, वाऱ्याची सवय म्हणून.
येताना द्वारका माझ्या खांद्याला मागून बोट लावून
सांगत होती, जावयानं सात मांडे खाल्ले, मोजले मी.
इतक्या वर्षांत परतीच्या वाटेवर
पहिल्यांदाच कुणी माझ्याशी बोलत होतं.
मग एकेकीचा आवाज विझला.
घोरण्यात कोण कोणतं, ते कळेना.

अंगणात उतरलो तर भुसात एक खापर दोन तुकडे.
कुणालाच आवाज आला नव्हता.
सुपडाबाईनं दोन्ही तुकडे जोडून पाहिले, नीट बसले,
तरी खाली ठेवले.
मांडीवर र्‍हातं ते फुटतं नही, एवढंच म्हणाली.

आता ती खिडकीशी बसते,
मांडीवर खापर, काच खाली, पदर बाहेर फडफडता.
बाकीच्या कुरकुरतात, थंडी वाजते.
लोटन आरशात बघतो, मला विचारतो, काच वर घेऊ?
बटण त्याच्याकडेच आहे.
मी म्हणते, राहू दे अजून थोडी,
फाटा येईपर्यंत.